बोलणाऱ्याचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे, मित्रांनो. आता फार बोलवत नाही, पण ऐकाल तर सांगते.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे एका सुताराने मला बनवले आणि वस्तीच्या सभागृहात आणून ठेवले. तिथे एक रीत होती. ज्याला बोलायचे असेल त्याने माझ्यावर उभे राहायचे आणि तो उतरेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. लोक ती पाळत, एवढेच.

एकदा नव्या नळाचा विषय निघाला. बहुतेकांना तो मोठ्या रस्त्यावर हवा होता. शिवणकाम करणाऱ्या मावशी माझ्यावर चढल्या. "मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी एवढ्या लांबून पाणी कसं आणायचं?" लोक त्यांना बोलूच देईनात. तेव्हा सलूनवाले काका उठले. नळ त्यांच्याच दुकानासमोर येणार होता. "मावशींचं मला पटत नाही," ते म्हणाले, "पण त्यांचं बोलून होऊ दे." सगळे शांत झाले. मावशी मतदानात हरल्या, तरी पुढच्या सभेला आल्या. त्या काळी माझा फार मान होता.

पुढे वस्तीला अध्यक्ष कामाचे मिळाले. रस्ते झाले, दिवे आले. लोक म्हणू लागले, "ते बघून घेतील, आपण कशाला जायचं?" सभा ओस पडू लागल्या. मावशीही येईनाशा झाल्या. दिवसभर मशीनवर बसून त्यांची पाठ धरायची. माझा उपयोग दिवे बदलण्यापुरता उरला.

मग एका सभेत रस्ता रुंद करायला काकांचे दुकान हटवायचे निघाले. काका माझ्यावर चढले.

"उतरा खाली," अध्यक्ष म्हणाले. "सगळं ठरलंय."

समोर मोजकी माणसे होती. ती आपापल्या चपलांकडे बघत राहिली. थोड्या वेळाने काका उतरले.

आता सभागृहाला कुलूप असते. दुकान गेल्यावर काकांनी मला बाहेर आणले; ते भिंतीपाशी मला मांडतात आणि गिऱ्हाइकाला माझ्यावर बसवून दाढी करतात. एकदा मावशी आल्या.

"त्या सभेचं मला कोणी सांगितलंच नाही हो, काका."

"सांगितलं असतं तर आला असता?"

मावशी म्हणाल्या, "नसते आले बहुतेक."

मित्रांनो, माझा रंग उडाला, एक पाय हलतो, त्याचे मला काही नाही. तुमच्याकडे सभा होत असेल तर मात्र जात जा. दमला असाल तरी जा. नुसते जाऊन बसलात तरी चालेल. रिकाम्या खोलीत कुणालाही खाली उतरवणे फार सोपे असते.