आधी आईच्या जिभेला

मुलांच्या वॉर्डातला एक नियम कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नव्हता, तरी तो मोडायची कुणाची छाती नव्हती. औषधाचा चमचा आधी आईच्या जिभेला, मग लेकराच्या ओठाला. छोटी मॅडम हे रोज बघायची. बघून तिला बरं वाटायचं, आणि तिचा विचार तिथंच संपायचा.

छोटी मॅडम हे नाव वॉर्डातल्या बायकांनी पाडलेलं. मोठे डॉक्टर ते सर, आणि त्यांच्या हाताखाली पुढचं शिक्षण घेणारी ही. झटके येणाऱ्या मुलांसाठी एक नवं औषध आलं होतं, आणि ते खरंच गुण देतं का, हे बघायचा अभ्यास सरांनी तिच्यावर सोपवला होता. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच. वर एक बाटली. निम्म्या मुलांच्या बाटलीत नवं औषध, निम्म्यांच्या बाटलीत तसंच दिसणारं साखरेचं पाणी. कुणाच्या वाट्याला काय, हे आयांना ठाऊक नाही, मॅडमला नाही आणि सरांनाही नाही. ठाऊक एकट्या औषधशाळेतल्या काकांना. घरी गेल्यावर आईच औषध देणार, म्हणून वॉर्डातही बाटली आईच्याच उशाशी.

हे सगळं मॅडमने एकेकीजवळ बसून समजावलं होतं. "नको असेल तर सरळ नाही म्हणा. कुणाची खाट जाणार नाही, कुणाचं औषधपाणी थांबणार नाही." बायकांनी माना डोलावल्या. मॅडमला वाटलं, पटलं.

आज सकाळी मुंगी उठली नाही.

मुंगी म्हणजे खिडकीजवळच्या खाटेवरची पोर. वॉर्डात सगळ्यांत बारकी आणि सगळ्यांत चावरी. सुई घेऊन येणाऱ्या कुणाचंही बोट तिच्या दातांतून सुटलेलं नव्हतं. काल दिवसभर तिला झटक्यामागून झटके आले होते. आणि आता ती अशी पडली होती, की मॅडमने तळपायाला चिमटा काढला तरी पाय तेवढा हलला, डोळे उघडले नाहीत.

"पापणी बघ," सर खाली वाकून म्हणाले. मुंगीची डावी पापणी मधूनच थरथरत होती. "बाहेरून थांबलेत, आत चालू आहेत. मेंदूचा आलेख काढायचं यंत्र कुठंय?"

"ऑपरेशनच्या मजल्यावर, सर. आणायला गेलेत."

"म्हणजे गोगलगाय निघाली. सिस्टर, झटके थांबवायचं इंजेक्शन भरा."

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. झटके आतल्या आत चालू असतील, तर जाणारा प्रत्येक क्षण मेंदू जाळत जाणार. पण तिचा हात मुंगीच्या छातीवर होता, आणि हाताखालचा श्वास उथळ होता, आळशी होता. हे पोर झटक्यात नाही, गुंगीत आहे, असं तो हात सांगत होता. आणि गुंगी असेल, तर हे इंजेक्शन उरलासुरला श्वासही थांबवेल. पण गुंगी येईल कशाने? सगळे डोस तिने स्वतः वजनावर बसवले होते.

"सर, जरा थांबूया का?"

"का? कारण सांग. आणि 'वाटतं' म्हणू नकोस. मला काय, मलाही पुष्कळ वाटतं."

कारण नव्हतं. तिने मान वर केली, आणि वॉर्ड पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भरला.

एरवी एका पोराला शिंक आली तरी दहा बाया गोळा व्हायच्या. सिस्टरने हुसकून हुसकून थकावं. आज मुंगीच्या खाटेभोवती चिटपाखरू नव्हतं. जी ती आपल्या खाटेवर, आपल्या पोराला पोटाशी धरून, पाठ फिरवून बसलेली. आणि समोरच्या खाटेवरची पुढारीण चक्क चादरीच्या घड्या घालत होती. पुढारीण! सरांनाही "जेवलात का, तोंड उतरलंय" असं विचारणारी, वॉर्डातल्या भांडणापासून पंख्यापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारी बाई. ती गप्प होती.

मॅडम मुंगीच्या आईपाशी गेली. "ताई, हिला काही दिलंत का? आपल्या औषधाशिवाय काही?"

"नाही हो."

"रागावणार नाही मी."

"नाही म्हटलं ना!" आईचा आवाज चिरकला. तिने पदराचं टोक तोंडात कोंबलं आणि नजर मात्र मॅडमच्या खांद्यावरून पलीकडे गेली. पुढारणीकडे.

सिस्टरने भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. सरांनी मुंगीचा हात उलटा करून शीर बघितली.

मॅडम वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली. "कुणी काय दिलंय ते सांगा. तिचा श्वास जाईल."

अळीमिळी गुपचिळी. एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

या घाबरल्यात, आणि मला घाबरल्यात, हे मॅडमला तेव्हा कळलं. खाट जाणार नाही, हे तिचं बोलणं कुणाला पटलंच नव्हतं. माना नुसत्या डोलल्या होत्या. बाटली गेली म्हणजे खाट गेली, खाट गेली म्हणजे पोर गेलं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. शब्दाने तो मोडणार नव्हता.

तिने रिकामा ट्रे उचलला. पहिल्या खाटेच्या उशाची बाटली उचलली, ट्रेमध्ये ठेवली. मग दुसरीची. तिसरीची.

"काय चाललंय?" सर म्हणाले.

"अभ्यास बंद करते आहे, सर."

"शुद्धीवर आहेस ना? दोन वर्षं झाली या अभ्यासाला."

"हो, सर." ट्रेमध्ये बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. "ऐका सगळ्या. अभ्यास संपला. बाटल्या परत घेतल्या. कुणीही खाटेवरून उठू नका, कुणाला कुठं जायचं नाहीये. नेहमीचं औषध मिळेल, डॉक्टर तेच, जेवण तेच. आता माझ्यापासून लपवायला काही उरलं नाही."

पुढारणीच्या उशाची बाटली उचलताना पुढारणीने तिचं मनगट धरलं.

"घेतलीच ना काढून? मग ऐका. आमचं कडू आहे."

"काय?"

"जिभेवर गोड लागतं, मग मागून कडू येतं. आम्हा तिघींचं कडू. हिच्यासारख्या बाकीच्यांचं नुसतं गोड. साखरेचं पाणी कुणाचं, ते कळायला काय डॉक्टर व्हायला लागतं? काल हिची पोर तडफडत होती, मॅडम. बघवेना. माझा कार्टा बराय, त्याला एक दिवस नाही मिळालं तर काय मरतोय? संध्याकाळी तिघींनी आपापल्या पोराचा चमचा मुंगीला दिला. पहाटे परत दिला. तिच्या भल्यासाठीच हो! हिच्या आईला बोलू नका, मी म्हटलं दे म्हणून."

सरांच्या हातातली सुई मुंगीच्या कातडीपासून बोटभर अंतरावर थांबली. त्यांनी ती सावकाश ट्रेमध्ये ठेवली.

"फुगा," ते म्हणाले. "मास्क आणि श्वास द्यायचा फुगा. सिस्टर, ऑक्सिजन. तू औषधशाळेत फोन लाव."

औषधशाळेतल्या काकांनी आधी गुप्ततेचा नियम सांगितला. मग मॅडमचा आवाज ऐकून कपाट उघडलं आणि यादी वाचली. पुढारीण, औषध. तिच्या शेजारच्या दोघी, औषध. मुंगी, साखरेचं पाणी. मॅडमने फोन ठेवला आणि सरांच्या हातातून फुगा घेतला.

त्यानंतर बराच वेळ वॉर्डात फुग्याचाच आवाज होता. मुंगीचा श्वास यायचा, रेंगाळायचा, आणि तो येत नाही असं वाटलं की मॅडमची बोटं फुग्यावर मिटायची. यंत्र आलं. तारा डोक्याला चिकटवल्या. सरांनी कागदावरच्या रेघा खालीवर, पुन्हा खालीवर बघितल्या.

"झटके नाहीत," ते म्हणाले. "गुंगीच आहे." मग हळूच, तिलाच ऐकू येईल असं, "बाटल्या उचलल्यास तेव्हा खात्री होती तुला?"

"नाही, सर."

"हं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी ते टोचणार होतो." आणि काही वेळाने, "अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला पत्र आजच जाईल. चव चाखून बघायचं मला सुचलं नाही, हेही त्यात जाईल. सही दोघांची."

ऊन खिडकीतून खाटेच्या पायाशी आलं तेव्हा मुंगीने तोंड वाकडं केलं. मग मास्कखाली कण्हली. मग एवढासा हात उचलून तिने मास्क ढकलला, आणि तो परत बसवायला गेलेल्या मॅडमचं बोट दातांत धरलं. कडकडून चावा. मॅडमने बोट सोडवून घेतलं नाही.

"चावली गं बाई!" पुढारीण ओरडली, आणि सगळ्या पाठी एकदम वळल्या. सिस्टरने "जागेवर बसा" म्हणायचं तोंडाशी आलेलं तसंच गिळलं.

मुंगीच्या आईने काही लेकीला उचललं नाही. ती मॅडमकडेच बघत होती.

"मॅडम, आता कडूवालं मुंगीला मिळेल का? थोडं थोडं? बेताबेताने?"

मॅडमला हो म्हणायचं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"ताई, कडू ते खरं औषध, हे बरोबर. पण ते खरंच गुण देतं का, हे मला माहीत नाही. तेच तर बघत होतो."

"मग आता कळलं असेल ना?"

"नाही. आता कुणी कुणाला किती दिलं, तेच सांगता येत नाही. जे बघितलं ते सगळं वाया."

"म्हणजे? तुम्हालाही ठाऊक नाही? सरांनाही नाही?"

"कुणालाच नाही. परत पहिल्यापासून करावं लागेल. दुसरी मुलं, दुसऱ्या बाटल्या."

बाईचा चेहरा असा झाला होता, की आता ही रडेल की ओरडेल, ते मॅडमला कळेना. डॉक्टरांना ठाऊक असतं आणि ते आपल्याला देत नाहीत, हा इतके दिवस उराशी धरलेला राग ठेवायला तिला आता जागाच उरली नव्हती.

मग तिने मुंगीचे पाय हलकेच सरकवले आणि खाटेची कड मोकळी केली.

"बसा," ती म्हणाली. "सगळं परत सांगा. मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं."