सतरावा बिल्ला

खाली दवाखाना, वर घर, मधे चौदा पायऱ्या. जुन्या इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं. इमारत आजोबांनी बांधली. बाबांनी तिथे पन्नास वर्षं दवाखाना चालवला आणि मागच्या वर्षी ते गेले. आता तिथे ग्रंथालय येणार होतं, दारावर फलक लागणार होता. त्यासाठी चार ओळी हव्या होत्या.

"काही वैशिष्ट्य?" त्यांनी विचारलं.

"रांग," मी म्हटलं.

आमच्याकडे घरच्यांनाही रांग होती. ताप आला की मी वरून उतरायची, रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दाराने आत यायची, फळीवरच्या खिळ्याला अडकवलेला नंबरचा पितळी बिल्ला घ्यायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायची. आत गेलं की बिल्ला बाबांच्या टेबलावरच्या ताटलीत टाकायचा. "काय होतंय?" बाबा विचारायचे, जणू सकाळी घरात मला पाहिलंच नव्हतं. गावाला याचं कोण कौतुक! आम्हाला कुणी विचारलं नाही.

फळीवरचा सतरावा खिळा रिकामा होता. गृहस्थांनी तो नेमका हेरला.

"तो आईने नेला," मी म्हटलं. सव्वीस वर्षं मी हेच सांगत आले होते. पोटात दुखतं म्हणून आई सकाळी खाली गेली आणि गर्दी बघून बिल्ल्यासकट वर परतली, असं बाबा म्हणाले होते. "माझ्यापर्यंत आलीच नाही ती." संध्याकाळी अपेंडिक्स फुटलं. तिसऱ्या दिवशी आई गेली. मला तिचा इतका राग आला की मी धड रडलेही नाही. आपला नंबर दुसऱ्याला द्यायची खोडच होती तिला.

गृहस्थांना आजोबांचा फोटो हवा होता. तो शोधायला मी बाबांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. त्याचं कुलूप कंपाउंडरकाकांनी कालच तोडून दिलं होतं. फोटो नव्हता. चार घड्या घातलेला एक केसपेपर होता आणि त्यात सतरा नंबरचा बिल्ला.

बाबांचं अक्षर एरवी फक्त औषधवाल्यालाच लागायचं. हे मलाही लागलं. तारीख त्याच दिवसाची. आईचं नाव, वय एकेचाळीस. पोटदुखी. अपचन. दोन गोळ्या, विश्रांती.

म्हणजे ती बाकावर बसून राहिली होती. नंबर आल्यावर आत गेली, बिल्ला ताटलीत टाकला, दुखणं सांगितलं आणि दोन गोळ्या घेऊन वर आली.

मला काहीच वाटलं नाही. पंखा फिरत होता, तो बघत उभी राहिले. बाबांचा राग यायला हवा होता, पण येईना. होता नव्हता तेवढा सगळा आईवर खर्च झाला होता.

मी बाहेर येऊन बिल्ला त्याच्या खिळ्यावर लावला.

"अरे वा, सापडला की!" गृहस्थ म्हणाले. "फोटो?"

"फोटो नाही. लिहून घ्या. आई रांगेतून उठली नव्हती."

"हे फलकावर?"

"हो," मी म्हटलं आणि केसपेपर त्यांच्या वहीवर ठेवला.