मार खाल्लेली छत्री

मी छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे, गच्चीवर भिंतीला ठोकून बसवतात ती. टीव्हीची. आणि बोलायला तोंड उघडतेय तोवर पहिला हातोडा बसलासुद्धा.

मारणारा या घरातला धाकटा मुलगा. त्याच्यामागून धापा टाकत जिना चढून आलेला थोरला म्हणतोय, पुन्हा हात लाव, मनगट उखडून ठेवतो. धाकटा म्हणतो, हा लावला. दुसरा घाव. माझ्या कडेला पोचा पडला आणि आवाज असा घुमला की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. खाली गल्लीत माणसं माना वर करून उभी आहेत, पण जिन्याकडे कुणी वळत नाही. भांडण बघायला सगळ्यांना सवड असते, सोडवायच्या वेळी प्रत्येकाच्या गॅसवर दूध असतं.

हातोड्याला मी भ्यायले असं समजू नका. माझा जन्मच दणक्यातला. कारखान्यात मी पत्र्याचा सपाट तुकडा होते. वरून यंत्राचा ठोकळा आला आणि एका फटक्यात माझं पोट आत गेलं. मग भोकं पाडली, करडा रंग फासला, भट्टीत भाजलं. कुणी विचारलं नाही, बाई, दुखतंय का? जिला जन्मभर उन्हात उभं राहायचंय तिचे लाड करून चालत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मला या घरात थोरल्यानं आणलं. लोकांच्या घरी छत्र्या बसवणं हाच त्याचा धंदा. कोपऱ्यावर दुकान, खांद्यावर शिडी, खिशात नट पिळायचे पाने. त्यानं या भिंतीत चार बोल्ट ठोकले, मला त्यावर चढवलं आणि माझं तोंड आभाळाकडे हळूहळू फिरवू लागला. खाली टीव्हीपुढे त्याची आई उभी. हा वरून ओरडायचा, "आई, आलं का?" ती खालून ओरडायची, "नाही रे." पुन्हा केसभर सरकवलं. पुन्हा "आलं का?" शेवटी खालून आवाज आला, "आलं, आणि इतकं स्वच्छ आलंय की बातम्या देणाऱ्या बाईची पावडर दिसतेय. उतर आता, भात गार झाला."

तेव्हा शिडी धरून खाली उभा होता तो हाच धाकटा. दादा पडू नये म्हणून त्यानं शिडीचे पाय दोन्ही हातांनी असे आवळले होते, की नंतर तळहातांवर वळ उठले. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे काय झालं ते ऐकताना हे विसरू नका.

धाकटा मोठा झाला आणि फायबरवाल्यांकडे लागला. फायबर म्हणजे काचेची तार, केसाहून थोडी जाड. तिच्यातून उजेड पळतो आणि उजेडाबरोबर चित्रं. दोन तारांची टोकं जुळवायची म्हणजे श्वास रोखून करायचं काम, आणि ते या पोरासारखं कुणाला जमत नाही म्हणतात. त्यानं ती तार एके दिवशी घरात आणली आणि घराचे दोन पक्ष झाले.

थोरला म्हणाला, हा दोरा शर्टाची बटणं शिवायला बरा. धाकटा म्हणाला, तुझी छत्री आमटीवर झाकायला बरी. पहिल्या दिवशी थोरल्याची बायको हसली. आठवडाभरानं हसेना. महिनाभरात ताट भिंतीवर फुटलं. थोरल्यानं धाकट्याची कॉलर धरली, धाकट्यानं त्याला कपाटावर ढकललं, कपाटाची काच गेली. आईनं काचा गोळा केल्या आणि दोघांना उपाशी झोपवलं. एवढाले बाप्ये, पण तिच्यापुढे ताट ओढायची कुणाची छाती झाली नाही.

कुणाचं चित्र चांगलं, हे मला विचाराल तर मी खरं सांगेन. मला खोटं बोलायचं कारण नाही, मी पत्रा आहे. आभाळ मोकळं असलं तर माझं एचडी चित्र असं येतं की दगडावरची मुंगी दिसावी. पण काळे ढग आले की मी अडखळते. चित्र धूसर होत नाही. ते फुटतं, चौकोन चौकोन होऊन. त्या काचेच्या तारेला ढगांचं भय नाही. पाऊस असो, वादळ असो, तिचं आपलं संथ चालू. पण कुणी रस्ता खणला, कुणी तिला गाठ मारली, की ती जागच्या जागी गोठते. शिवाय ती उशिरा पोचते. माझ्याकडे चेंडू जाळ्यात जातो तेव्हा तिच्याकडे तो अजून पायाशी असतो. ती आळशी नाही, चित्रं आधी साठवते, मग दाखवते. तिच्यात खोट आहे, माझ्यात खोट आहे. बिनखोटीचं मला अजून कुणी भेटलेलं नाही, हे दोन भाऊ धरून.

मग गल्लीतल्या लोकांना खाज सुटली. जुनी कनेक्शनं बदलायची होतीच. ते म्हणाले, दोन टीव्ही शेजारी लावा, एकावर छत्री, एकावर फायबर. ज्याचं चित्र चांगलं, त्याचं कनेक्शन अख्खी गल्ली घेईल. इथवर ठीक होतं. पण थोरला रागाच्या भरात बोलून गेला, की जो हरेल त्यानं हे घर सोडायचं. धाकटा म्हणाला, कबूल. आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

न्याय करायला चष्मेवाल्याला बोलावलं. डोळ्यांचं दुकान त्याचं, तेव्हा बघण्यातलं त्यालाच कळणार, असं गल्लीतल्या न्हाव्यानं ठरवलं. आणि बघायचं काय, तर मुष्टियुद्ध. सगळ्यांत मोठ्या लढतीचा दिवस होता. एक निळ्या चड्डीतला, एक लाल.

त्या दिवशी सकाळी दोन गोष्टी झाल्या. एक माझ्यासमोर झाली. धाकटा गच्चीवर आला. खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर आई मटार सोलत बसली होती, वर येताना तिला म्हणाला, टाकीत पाणी आहे का बघतो. टाकीकडे त्यानं बघितलंही नाही. खिशातून पाना काढला आणि मला धरून ठेवणारे दोन नट अर्धा फेरा ढिले केले. सबंध नाही. तसं केलं असतं तर चित्र लगेच गेलं असतं आणि थोरला वर धावला असता. अर्धाच फेरा. दुपारी या गच्चीवर वारा सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. जाताना त्यानं माझ्या कडेवर हात ठेवला. तो हात मला जड लागला.

दुसरी गोष्ट खाली झाली. माझी वायर थेट बैठकीच्या खोलीत उतरते, त्यामुळे तिथलं मला सगळं कळतं. थोरला कपाटामागे शिरला. आईला म्हणाला, उंदीर शिरलाय वाटतं. त्यानं ती काचेची तार दुमडली, चिंधीनं आवळली आणि कपाट पुन्हा सरकवलं. तुटेल इतकी नाही. उजेड गळेल इतकी. परक्या धंद्यातलंही त्याला बरोबर तेवढंच ठाऊक होतं. पंधरा वेळा धाकट्याला काम करताना चोरून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

आई मटार सोलत राहिली.

दुपारी खोली भरली. दोन टीव्ही, मधे स्टुलावर चष्मेवाला, मागे माणसांवर माणसं. लढत सुरू झाली आणि सुरुवातीला आम्ही दोघींनी, मी आणि त्या तारेनं, लाज राखली. चष्मेवाला म्हणाला, डावीकडे रंग गडद आहेत, उजवीकडे घामाचे थेंब सुटे दिसतायत. न्हावी म्हणाला, असं गुळमुळीत नको, डॉक्टरासारखं एक काय ते सांगा. तेवढ्यात निळ्याच्या भुवईवर ठोसा बसला, रक्त आलं. माझ्या बाजूचे आधी ओरडले. त्या बाजूचे वैतागले, की अहो, आमच्याकडे अजून बसलाय कुठे! मग बसला, तेव्हा ते ओरडले. एकाच माणसाला दोनदा मार. लोकांना त्यातही मजा आली.

मग वारा सुटला. मी भिंतीवर हलायला लागले, कधी नव्हे ती. थोरल्याच्या पडद्यावर लाल चड्डीवाल्याचं तोंड चौकोनांत फुटलं, जुळलं, पुन्हा फुटलं. धाकटा गालात हसला आणि त्याच क्षणी त्याच्या पडद्यावरचा निळा, ठोसा उगारून, हवेतच गोठला. इकडे चौकोन, तिकडे पुतळा. आणि बाहेर अख्ख्या वस्तीतून एकच आरोळी उठली. कुणीतरी कुणालातरी झोपवलं होतं. कुणी कुणाला, ते या खोलीत एकालाही दिसलं नाही.

लोक खवळले. एकानं स्टूल लाथाडलं, चष्मेवाला चष्म्यासकट पडला. धाकट्यानं कपाट एका हिसक्यात ओढलं, चिंधी पाहिली आणि हातोडा उचलून वर धावला. थोरला त्याच्यामागे.

ते घाव तुम्ही ऐकलेच. दुसऱ्या घावानंतर थोरल्यानं मला धरायला हात घातला आणि मी त्याच्या हाताला डुगडुगले. त्यानं नटाला बोट लावलं. बोटानं फिरला. मग त्याच्यातलं माणूस कुठे गेलं मला माहीत नाही. त्यानं धाकट्याच्या तोंडावर असा ठोसा घातला, की हातोडा उडून टाकीवर आपटला. धाकट्यानं डोकं खाली घालून त्याच्या पोटात धडक दिली. दोघं पडले, सिमेंटवर घासत गेले. थोरल्याचा ओठ फाटला. धाकट्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि हे रक्त बघायला टीव्हीचा कुठलाच डबा लागत नव्हता. ते वेळेवर पोचलं होतं. थोरल्यानं त्याला रेटत माझ्या शेजारच्या कठड्यापाशी नेलं. कठडा गुडघ्याएवढा. पलीकडे दोन मजले आणि फरशी. धाकट्याची पाठ बाहेर वाकली. ज्या हातांनी एकदा शिडी धरली होती ते हात दादाच्या गळ्यावर होते, आणि दादाचे त्याच्या. कुणी आणखी एक रेटा दिला असता तरी दोघे गेले असते.

तेव्हा आई आली. तिचे गुडघे गेलेत, जिना ती बसत बसत चढली असणार. ती त्यांच्याकडे गेली नाही. तिनं टाकीपाशी पडलेला हातोडा उचलला आणि सगळं बळ एकवटून माझ्या मधोमध घातला. पुरुषाचे दोन घाव एका बाजूला, तिचा एक एका बाजूला. मी अशी किंचाळले, की दोघांचे हात गळ्यांवरून सुटून आपापल्या कानांवर गेले. आणि आईनं कॉलर धरून धाकट्याला कठड्याच्या आत ओढलं.

माझ्या अंगावर आज तीन पोचे आहेत. मधल्यात पाणी साचतं, चिमण्या पितात. चित्र थोडं कमी येतं, पण येतं. मी भिंतीवर आहे, काचेची तार कपाटामागे आहे, गल्लीत ज्याला जे हवं ते त्यानं घेतलंय. घर कुणी सोडलं नाही. माझी विनवणी एवढीच, की माझे पोचे ठोकून सरळ करायला कुणी येऊ नका, विशेषतः मधला. मी गंजून खाली येईन तेव्हा तो तसाच भंगारात जाऊ दे. आणि घरात दोन पडदे लावून न्याय करायची हौस आली, तर आधी कपाटामागे आणि गच्चीवर जाऊन या.

पण त्या घटकेला तिथं शहाणपण नव्हतं. दोघं धापा टाकत होते, रक्त पुसत होते, आणि तोंडं अजून चालूच होती. थोरला म्हणाला, "आई, विचार याला, माझी छत्री कुणी ढिली केली. याचं फायबर मुळातच भिकार, म्हणून केली."

धाकटा रक्त थुंकला. "आणि माझी तार कुणी आवळली? तुझं चित्रच भिकार होतं, दादा, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

आईनं हातोडा खाली ठेवला. पदरानं आधी एकाची भुवई पुसली, मग त्याच पदरानं दुसऱ्याचा ओठ. मग म्हणाली,

"ज्याला भावाचं चित्र भिकार वाटतं, तो ते बिघडवायला चोरपावलांनी जात नाही."