माहेराकडं झुकलेलं घड्याळ

दौंड स्टेशनाबाहेर जयसिंगचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि खरखर हा त्याचा खास विषय होता. कुणी खरखरणारा रेडिओ घेऊन आला की तो उघडायच्या आधी हा विचारायचा, "शेजारी पिठाची गिरणी हाय का?" असली तर रेडिओ तसाच परत. "ह्याला काय झालं न्हाई. गिरणीचं बटण दाबलं की आत ठिणगी उडती, आन् ती ठिणगी तुमच्या रेडिओत बोलती. भांडायचं तर गिरणीवाल्याशी भांडा."

आता गिऱ्हाइकाला असं परत पाठवणाऱ्याचं दुकान काय चालणार? घर चालायचं ते बायकोच्या, रतनबाईच्या रसवंतीवर. उन्हाळाभर ती जत्रांमधून उसाचा रस विकायची. इतरांच्या चरकाला अजून बैल फिरत होते, पण जयसिंगनं तिच्या चरकाला मोटर बसवून दिली होती. हिरवं बटण दाबलं की चालू, तांबडं दाबलं की बंद. चरकाला बांधलेले घुंगरू अर्ध्या जत्रेला ऐकू जायचे.

अठ्ठ्याहत्तर साली खडकमाळच्या जत्रेचं काम जयसिंगच्या गळ्यात पडलं. शिरूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे रतनबाईचं माहेर. तिथं बैलगाड्यांची शर्यत भरायची. घाट म्हणजे शर्यतीसाठी केलेला चढ; त्यावर एका वेळी एकच जोडी पळवायची, ती तिची बारी. जिला सगळ्यांत कमी वेळ लागेल ती पहिली. वेळ हातातल्या घड्याळावर धरायचे आणि घड्याळ धरणाऱ्याला भावकी असायचीच. त्यामुळं दर साली बैलांची शर्यत संपली की माणसांची सुरू व्हायची. शेवटी रतनबाईचा धाकटा भाऊ हौसराव पंचांपुढं छाती काढून म्हणाला, "माझं दाजी मशीन करून देत्यात. मशीनला ना भावकी, ना सोयरं!"

जयसिंगनं मुंबईहून सामान आणून हिवाळाभर डोळे फोडले आणि एक खोका तयार केला. खोक्यावर तांबडे आकडे पेटायचे. घाटाच्या तळाशी ताणलेला दोरा बैलांनी तोडला की आकडे पळायला लागायचे, माथ्यावरचा दोरा तुटला की थांबायचे. माथ्याची वायर घाटाच्या कडेनं पंचांच्या टेबलापर्यंत आणायची होती. वाटेत रतनबाईनं मांडलेल्या रसवंतीचा बांबू आयताच उभा होता. मोटरीची वायर त्याच बांबूवर होती, तिलाच जयसिंगनं ही वायर गुंडाळली. दुसऱ्याच्या गिरणीची ठिणगी दुकानात बसून ओळखणारा माणूस, पण घरची मोटर काही त्याच्या ध्यानात आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सकाळभर मशीन शहाण्यासारखं चाललं. वरवंडच्या बापूसाहेबांची जोडी बारा सेकंदांत वर गेली आणि पहिल्या नंबरावर बसली. बापूसाहेब मोठे बागायतदार, तोंडानं तर त्याहून मोठे. मग हौसरावची जोडी सुटली. बैल निम्म्या घाटात होते, तेवढ्यात आकडे गपकन थांबले. सहा सेकंद! बैल बिचारे अजून पळतच होते.

लाउडस्पीकरवाल्यानं कसलाही विचार न करता आरोळी ठोकली. गुलाल उधळला. हौसरावला चौघांनी खांद्यावर घेतलं, आणि त्याला तर आपण जिंकणारच होतो असं वाटत होतं. जयसिंग मात्र खोक्याच्या वायरी चाचपायला लागला.

बापूसाहेब टेबलाशी आले. "सहा सेकंद? एवढ्यात माझा बैल नुसती शेपटी हलवतो! मशीन कुणी केलं? जयसिंगनं. बैल कुणाचं? त्याच्या मेव्हण्याचं. मशीनला सोयरं न्हाई म्हनला व्हता न्हवं? ह्ये तर बायकोच्या माहेराला भुललेलं निघालं!"

सगळा घाट हसला. पंचांना मात्र हसू आलं नाही. खरंखोटं आत्ता दाखवा, नाहीतर खोका उचला आणि परत कुठल्या घाटात दिसू नका, असं त्यांनी जयसिंगला सांगितलं. हौसरावची जोडीही कायमची बाद होणार होती. जयसिंगनं बायकोकडं पाहिलं. नवरा आणि भाऊ दोघेही एकदमच चोर ठरत होते, तेही तिच्या माहेरात, आणि रतनबाई मान खाली घालून उभी होती. ते बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो डोकं धरून आठवायला लागला. आकडे थांबले तेव्हा काय झालं होतं? काहीतरी झालं होतं. एकदम शांत वाटलं होतं. का शांत? घुंगरू! चरकाचे घुंगरू थांबले होते.

"रतन, हौसरावाचं बैल पळत व्हतं, तवा चरक बंद केला व्हतास?"

"व्हय," ती हळूच म्हणाली.

जयसिंगनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग सगळ्यांदेखत दोन्ही दोरे नव्यानं ताणायला लावले, चरक चालू करायला सांगितला आणि तळाचा दोरा तोडला. आकडे पळायला लागले. माथ्यावरचा दोरा शाबूत होता. "दाब तांबडं!" रतनबाईनं बटण दाबलं, खट् झालं आणि आकडे जागच्या जागी थांबले.

"बटणाची ठिणगी माझ्या वायरीत शिरती," जयसिंग म्हणाला. "मशीनला वाटतं वरचा दोरा तुटला. चूक माझी हाय. हौसरावची न्हाई, बैलांची न्हाई."

बापूसाहेबांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. परत पाहिलं. मजा वाटली म्हणून आणखी एकदा पाहिलं. पण माणूस कसलेला. ते रतनबाईकडं वळले. "ठिणगीचं कळलं, बाई. पर सकाळपासनं एवढ्या बाऱ्या झाल्या. तुमी चरक थांबवला तो भावाच्याच बारीला. का?"

जयसिंगही बायकोकडं वळला.

"त्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा हायत," रतनबाई म्हणाली. "माझ्या आईनं ववलेल्या. आई गेल्या साली गेली. बैल हितनं जाताना माळा वाजतील, त्या ऐकायच्या व्हत्या. चरकाच्या घुंगरांत काय ऐकू येईना, म्हणून बंद केला."

खांद्यावरचा हौसराव खाली उतरला. त्यानं तोंडावरचा गुलाल पुसला.

पंचांनी बारी परत लावायची ठरवली. बैलांना दम खाऊ दिला, तोवर जयसिंगनं आपली वायर बांबूवरून सोडवून लांबून नेली. "आता चरक चालू राहिला तरी काय फरक पडत न्हाई," तो म्हणाला.

"तरी बंद ठेवा," बापूसाहेब म्हणाले. "आन् बैल पळतील तवा कुणी शिट्टी मारायची न्हाई."

बैल सुटले. एवढी माणसं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. माळा खालून वाजत आल्या, रसवंतीपाशी खणखणल्या आणि माथ्याकडं निघून गेल्या. रतनबाईनं पदर तोंडाला लावला होता. आकड्यांकडं तिनं पाहिलंच नाही. ते बाराच्या पुढं जाऊन थांबले होते. बापूसाहेब पहिले आले.

जयसिंगचं नाव वाचलं, पण त्याच्याच खोक्यानं त्याच्या मेव्हण्याला हरवलं होतं. हौसराव बैल घेऊन रसवंतीकडं येताना दिसला तेव्हा जयसिंगनं शिव्या खायची तयारी ठेवली.

"दाजी, मशीन खरं हाय तुमचं," हौसराव म्हणाला. मग त्यानं एका बैलाच्या गळ्यातली माळ सोडली, चरकाचे जुने घुंगरू काढून टाकले आणि त्या जागी ती माळ बांधली. "आता थांबवायचं काम न्हाई, अक्का. दिसभर ऐक."

रतनबाईनं हिरवं बटण दाबलं. चरक फिरायला लागला आणि आईची माळ वाजायला लागली. बापूसाहेबांनी पहिल्या नंबराच्या तोऱ्यात पहिला ग्लास मागितला. रतनबाईनं त्यांना थांबायला सांगितलं आणि आधी भावाच्या बैलांपुढं उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं टाकलं.