अप्पांच्या आवाजासाठी

घरात त्याला सगळे जुगाड्या म्हणत, आणि ते नाव तो मिरवायचाही. मिक्सर बंद पडो की दाराची कडी निखळो, नवीन आणू म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी चढायची. बोर्ड छापण्याच्या दुकानात तो कामाला होता, पगार बेताचाच होता, पण खरं कारण ते नव्हे. नवं विकत घेणं म्हणजे त्याला हार खाल्ल्यासारखं वाटायचं.

अशा माणसाच्या हाती अप्पांचा आवाज आला.

अप्पांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, मग बोलणं संपलं, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जुगाड्यानं शोधून काढलं की माणसाचा आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवला, तर कॉम्प्युटर तो शिकतो आणि टाइप केलेलं त्याच आवाजात बोलतो. मग ऑपरेशन होईपर्यंत अप्पा रोज माइकसमोर बसले. बातम्या वाचल्या, शेजाऱ्यांच्या नकला केल्या, आईशी मुद्दाम भांडण उकरून काढलं. घसा ठणकत असतानाही बसले.

अडचण कॉम्प्युटरची होती. रेकॉर्डिंगमधली खरखर काढतानाच त्याला धाप लागायची, आवाज शिकणं तर दूरच.

"माझ्याकडून घे पैसे आणि नवीन मशीन आण," ताई म्हणाली. "नाहीतर निदान रेकॉर्डिंग साठवायला आणखी एक डिस्क तरी."

"डिस्क कशाला? याच मदरबोर्डवर वरच्या दर्जाचा प्रोसेसर बसतो. सेकंडहँड मिळतोय. थोडा ओव्हरक्लॉक केला की नव्याच्या तोंडात मारेल."

"म्हणजे काय करणार?"

"कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा."

"आणि दमला तर?"

"तो काय तुझा नवरा आहे दमायला?"

प्रोसेसर विकणाऱ्या दुकानदारानंही बजावलं होतं, "पळव, पण त्याला थंड ठेवणारा कूलर मोठा घाल. तापून बंद पडला तर बरं, कळतं तरी. कधीकधी बंद पडत नाही, नुसता चुकत राहतो."

जुगाड्यानं मान डोलावली आणि घरी येऊन जुनाच कूलर बसवला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं, समोर टेबलफॅन लावला आणि दिवसभर चाचणीचा प्रोग्राम चालवला. एकही चूक निघाली नाही. स्वारी खूश झाली.

ऑपरेशननंतर आई हॉस्पिटलमधून घरी आली ती फॅन न्यायला. "वॉर्डात जीव उकडतोय रे त्यांचा."

"ने की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ नको म्हणून त्यानं झाकणही लावून टाकलं. प्रोसेसर चाचणीत पास झालाच होता. तो फॅनच्या वाऱ्यावर पास झाला होता, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग तो कामाला लागला. एक रेकॉर्डिंग घ्यायचं, खरखर काढायची, साफ झालेलं ऐकून बघायचं आणि मूळ पुसायचं, कारण डिस्क गच्च भरलेली. प्रत्येकाची सुरुवात अगदी स्वच्छ यायची. पण अप्पांचा आवाज आला की त्याला पुढे ऐकवायचं नाही. म्हणून तो पहिल्याच वाक्यावर बंद करायचा आणि डोळे पुसून पुढचं घ्यायचा.

सगळं उरकून आवाज शिकवायला घेतला, तर प्रोग्राम हटून बसला. काय बिनसलं ते बघायला त्यानं पहिल्यांदाच एक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. पहिलं वाक्य संपलं आणि पुढे नुसती करकर, पत्र्यावर खडे ओतावेत तशी. दुसरं लावलं, तिसरं लावलं. दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये थंड झालेला प्रोसेसर नीट सुरुवात करायचा आणि तापला की चुकायचा. बंद मात्र तो एकदाही पडला नव्हता.

डिस्क घेऊन तो दुकानदाराकडे धावला. पुसलेल्या जागेवरच नवं लिहिलं गेलेलं. दुकानदारानं हात टेकले. जुगाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून, आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसले. मांडीवरच्या पाटीवर लिहिलं, "ऐकव." आई खुर्चीमागे उभी राहिली. खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्यानं एक रेकॉर्डिंग लावलं.

"झालं का रे चालू?" अप्पांचा भरदार आवाज खोलीत घुमला. त्यानं झटकन बंद केलं. अप्पा हसले, पुढे म्हणून बोट हलवलं. त्यानं दुसरं लावलं.

"झालं का रे चालू?"

माइकसमोर बसलं की अप्पा दर वेळी आधी हेच विचारायचे. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"अरे, पुढचं लाव ना," आई म्हणाली.

"पुढचं काही नाही, आई. माझ्यामुळे गेलं सगळं."

अप्पांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायला, सवयीनं, तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पाटी मांडीवरच होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. ते शिवी देत होते की समजूत घालत होते, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा धीर त्याला पुढेही कधी झाला नाही.