क्लिपमधला कागद

संघदीप मास्तरला साप, विंचू, पोलीस आणि सासुरवाडी यांतल्या कशाचीच भीती वाटत नसे. वाटायची ती कागदाची. त्यातही ज्या कागदावर पाच पाच रेघा आखलेल्या असतात आणि त्या रेघांवर काळे ठिपके शेपट्या वर करून बसलेले असतात, त्या कागदाची. आणि गंमत पाहा, दारव्ह्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत मास्तरचं नाव झालं होतं ते त्याच कागदामुळे.

लग्नाच्या वरातीत बाकीचे बँडवाले नुसते वाजवत. मास्तरच्या कॉर्नेटला, म्हणजे त्या आखूड ट्रम्पेटसारख्या वाद्याला, मात्र पुढच्या बाजूला एक पितळी क्लिप होती आणि तिच्यात घडी घातलेला नोटेशनचा कागद. मास्तर त्या कागदावर नजर रोखून वाजवायचा. नवरदेव घोड्यावर घामाघूम होवो, नाचणारे पायात येवोत, मास्तरची नजर कागदावरून हलत नसे. ‘पाहून वाजवणारा बँड’ म्हणून लोक त्याला मुद्दाम बोलवत. पाहून काय वाजवतो, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नसे. गाणं कोणतंही असो, कागद वर्षानुवर्षं तोच होता, आणि त्यावरचं एक अक्षरही मास्तरला कळत नव्हतं.

हे ढोंग म्हणावं तर तसं नव्हतं. मास्तरच्या आज्याच्या पिढीपर्यंत घरात डफडं होतं. गावाने हाक मारली की वाजवायला जायचं, जेवण मिळेल ते ओसरीखाली बसून खायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला त्या आठवड्यात आज्याने ते डफडं विहिरीत टाकलं. पुढे त्याचा मुलगा, म्हणजे मास्तरचा बाप गोविंदा, पलटणीच्या बँडात गेला आणि परत आला तो कॉर्नेट आणि कागदांनी भरलेली एक पेटी घेऊन, आणि त्याने स्वतःचा बँड काढला. आता आपण कोणी सांगितलं म्हणून वाजवत नाही, पाहून वाजवतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. संघदीपला तो शिकवायला बसला, पण या पोराचा कान असा की एकदा ऐकलं की वाजवून मोकळा. कागद नंतर शिकू, असं दोघांनीही ठरवलं. ते ‘नंतर’ यायच्या आधी गोविंदा वारला. मास्तरने बापाचा बँड चालवला, बापाची क्लिप लावली आणि क्लिपमध्ये बापाचा कागद लावला. त्या कागदाशिवाय नुसतं वाजवणं त्याला डफड्याकडे परत गेल्यासारखं वाटे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शाळेच्या मुख्याध्यापिका कोकिळाबाई मध्ये आल्या. शाळेच्या बँडाला यवतमाळच्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि यंदा नियम असा निघाला की जे वाजवाल त्याचं नोटेशन परीक्षकांच्या हातात द्यायचं. बाईंनी मास्तरला बोलावून चहा पाजला. तुमच्या वडलांच्या पेटीतून आमच्या मुलांना झेपेल असं एक निवडा आणि बसवून द्या, एवढंच त्या म्हणाल्या. मास्तर हो म्हणाला. नाही म्हणून सांगणार कोणाला? चहाचा कप बशीत ठेवताना तेवढा वाजला.

त्या दिवसापासून मास्तरची झोप उडाली. बाईंना तोंड देता आलं असतं, गावालाही दिलं असतं. भीती होती ती घरातल्या पोरीची. प्रियंका नववीत होती, शाळेच्या बँडात ट्रम्पेट वाजवायची, आणि बाप पाहून वाजवतो म्हणून आपणही पाहून वाजवायचं असा तिने हट्ट धरला होता. गेलं वर्षभर मोबाइलवर बघून बघून ती नोटेशन शिकत होती. मधूनच एखादा कागद घेऊन बापाजवळ यायची आणि हे बरोबर आहे का म्हणून विचारायची. मास्तर त्या वेळी हटकून कुठेतरी निघालेला असायचा. अलीकडे तिने विचारायचं सोडलं होतं, आणि मास्तरला वाटलं, सुटलो.

घरी कोणी नाही असं पाहून त्याने पेटी उघडली. वाळवीने अर्ध्या कागदांची वरची कड वाद्याच्या नावासकट खाल्ली होती. एकेक कागद तो उजेडात धरून पाहू लागला. काही कागद मुंग्या फुटल्यासारखे काळे होते. एवढे ठिपके पोट्ट्यांना कुठून झेपणार? मग हाताला एक कागद लागला, जवळजवळ पांढरा. उभ्या रेघांनी पाडलेल्या बऱ्याच घरांमध्ये तर एका बारीक आडव्या खुणेखेरीज काहीच नाही, मधूनच एखादा ठिपका, तोही पोकळ. मास्तरला हायसं वाटलं. ठिपके कमी म्हणजे वाजवायचं कमी, म्हणजे सोपं. इतका साधा हिशोब त्याला आजवर सुचला नव्हता. त्याने तो कागद घेतला, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सगळ्या मुलांपुरत्या प्रती काढल्या आणि घरी न आणता परस्पर शाळेत नेऊन दिल्या. कोणता निवडला, म्हणून प्रियंकाने रात्री जेवताना विचारलं, तर तो म्हणाला, उद्या पाहशीलच. आणि तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुलं वाद्यं घेऊन उभी होती आणि लिंबाखाली खुर्चीत एक ताठ पाठीचे म्हातारे गृहस्थ बसले होते. कोकिळाबाईंनी ओळख करून दिली. हे पंजाबराव, पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले, मुद्दाम पुसदहून आलेत. पंजाबरावांच्या हातात झेरॉक्सची एक प्रत होती. मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं, आणि हे त्याच्या बाबतीत अगदी शब्दशः घडलं. आधी तुम्ही वाजवून दाखवा म्हणजे मुलांना अंदाज येईल, असं बाई म्हणाल्या, तेव्हा कॉर्नेट ओठाला लावूनही त्यातून नुसती हवा गेली. तोंड कोरडं पडलं की कॉर्नेट वाजत नाही. मुलं खुदखुदली. मास्तर बाटलीतलं पाणी प्यायला. पळून जावं असं त्याला फार वाटलं, पण शाळेचं फाटक बंद होतं आणि फाटकाच्या वाटेवर प्रियंका उभी होती.

त्याने मूळ कागद घडी घालून क्लिपमध्ये लावला आणि डोळे त्यावर रोखले. मग मनाला येईल ते वाजवायला लागला. कागद पांढरा होता म्हणून सावकाश, लांब लांब सुरांचं काहीतरी. वाईट नव्हतं ते. पण वाजवता वाजवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला दिसत होतं की पंजाबराव प्रत डोळ्यांजवळ नेतात, लांब धरतात, बोटाने एक ओळ शोधतात, बोट थांबतं, पुन्हा वर जातं. शेवटचा सूर त्याने वेळेआधीच सोडून दिला.

पंजाबराव रागावले नव्हते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

“मास्तर, मी मघापासून शोधून राह्यलो. पण तुम्ही वाजवलं ते मले या कागदात कुठंच सापडत नाही.”

घामाचा एक ओघळ कानामागून शर्टात गेला. तेवढ्यात रांगेतून प्रियंका पुढे आली.

“सर, हा मागच्या मोठ्या बाजाचा कागद हाये,” ती म्हणाली. “याच्यात निरं थांबणंच हाये. चालीचा कागद घरी राह्यला. बाबानं चाल पाठ वाजवली.”

पंजाबरावांचा चेहरा उजळला. बरोबर, हा तर पाठीमागे बसणाऱ्याचा कागद, असं ते बाईंना सांगू लागले. बाकीचा बँड वाजवतो तेव्हा हा थांबतो आणि आपली पाळी आली की एखादा जाड सूर लावतो, म्हणून कागद असा रिकामा. मास्तर ऐकत होता. आपण सोपं म्हणून जे निवडलं त्यात चालच नव्हती, आणि ते तीसेक पोरांच्या हातात देऊन ठेवलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

प्रियंका बोलत बोलत त्याच्याजवळ आली होती. क्लिप सैल झाल्यासारखं करून तिने कागद काढला, फिरवला आणि पुन्हा लावला. तो उलटा लागलेला होता. हिला माहीत आहे. आज नाही कळलेलं, कधीचंच माहीत आहे, म्हणून तर हिने विचारायचं सोडलं.

मग त्याला तिचे हात दिसले. कागद क्लिपमध्ये बसेना इतके ते कापत होते. हे कापणं त्याच्या ओळखीचं होतं. प्रत्येक वरातीत, कोणी जवळ येऊन कागदात डोकावलं की त्याचे हात असेच कापत.

उद्या चालीचा कागद घेऊन या, मी मुक्कामाला आहे, असं पंजाबराव म्हणाले. हो, आम्ही आणतो, प्रियंका म्हणाली. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळं निभावलं होतं. मास्तरने फक्त मान हलवायची होती. पण चालीचा कागद पेटीत कोणता, तो आहे तरी का, हे आता या पोरीला शोधावं लागणार होतं. आणि नाहीच सापडला तर उद्या उभं राहून आणखी एक खोटं रचावं लागणार होतं.

“पंजाबराव,” मास्तर म्हणाला. “मले वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. पोरगी मले वाचवून राह्यली. कागद मीच निवडला. पांढरा दिसला म्हणून निवडला.”

कोणी हसलं नाही, हेच फार वाईट होतं. पंजाबरावांनी प्रत दुमडून खिशात ठेवली आणि ते जमिनीकडे बघत राहिले. कोकिळाबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि आपण नंतर बोलू म्हणाल्या. त्या ‘नंतर’चा अर्थ मास्तरला चांगला ठाऊक होता.

घरी जाताना स्कूटरवर दोघांच्या मध्ये कॉर्नेटची पिशवी होती. कापसाची जिनिंग गिरणी मागे पडली. मग मागून प्रियंकाचा आवाज आला, रडवेला आणि रागावलेला.

“कायले सांगतलं, बाबा? मी सांभाळलं होतं ना.”

मास्तरने गाडी हळू केली. “तुहे हात कापून राह्यले होते.”

“मंग काय झालं?”

“ते हात माहे होते, बाई.”

बाजारातली चहाची टपरी जवळ आली. तिथे बँडातली माणसं बसलेली असत, आणि शाळेतली बातमी यांच्याआधी तिथे पोचलेली असणार होती. मास्तरला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण आता ती त्याच्या एकट्याची होती.