वाकुल्याबाईंच्या टेबलावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. उंचीने हातभर, रुंदीने वीतभर, मागे टेकायला एक वाकडा पाय आणि वरच्या कोपऱ्यात पारा उडून पडलेला काळा डाग. सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. गोड बोलणारे माणूस दिसले की मी आधी त्याचे डोळे बघतो.

हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आलेलो नाही. काचेच्या कारखान्यात कापणाऱ्याने माझ्या कडेने रेघ ओढली, हलकीशी टिचकी मारली आणि मला भावंडांपासून वेगळे केले, तेव्हा मी अगदी भाबडा होतो. मग माझी रवानगी एका चष्म्याच्या दुकानात झाली. गिऱ्हाईक कुठलाही चष्मा लावून माझ्यात डोकावो, दुकानदार म्हणायचा, “वा! चेहरा कसा उठून दिसतोय!” घुबडासारख्या दिसणाऱ्यालाही तेच आणि नाकावरून चष्मा घसरणाऱ्यालाही तेच. नऊ वर्षे मी हे वाक्य ऐकले. तेव्हापासून कुणी फार स्तुती करू लागले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

एके दिवशी त्या दुकानात एक बाई आल्या. चष्मा लावला आणि माझ्याकडे बघून त्यांनी जीभ बाहेर काढली. मग गाल फुगवले, भुवया कपाळात चढवल्या, नाक मुरडले. दुकानदार घाबरला.

“बाई, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?”

“मी ठणठणीत आहे हो. कामावर दिवसभर वेडीवाकडी तोंडं करावी लागतात मला. चष्मा जागेवर राहतो का ते बघतेय.”

चौदावा चष्मा जागेवर राहिला. बाईंनी तो घेतला आणि म्हणाल्या, “हा आरसाही द्या. याच्यात वाकुल्या छान दिसतात.” माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. तिच्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही, हे कबूल करतो.

बाई चलचित्रे काढत. म्हणजे तुम्ही ज्यांना कार्टूनचे सिनेमे म्हणता, ते. त्यांच्या टेबलाच्या मधोमध काच होती, काचेखाली दिवा होता आणि काचेवर कागद. शेजारी मी. पात्राला राग आला की बाई आधी स्वतः रागवायच्या. माझ्यात बघून डोळे वटारायच्या, तो चेहरा तसाच धरून ठेवायच्या आणि कागदावर उतरवायच्या. मग किंचित कमी राग, मग आणखी कमी. एका जांभईसाठी चाळीस कागद लागायचे आणि चाळीस वेळा बाईंना जांभई द्यावी लागायची. शेजारच्या टेबलांवरची माणसेही मग आळीपाळीने जांभया देत बसत. सगळे त्यांना वाकुल्याबाई म्हणायचे. त्यांनाही ते नाव आवडायचे.

मित्रांनो, ती माझी खरी कामाची वर्षे. मी कामचुकार गाढव पाहिले, खोटे रडणारा राजा पाहिला, बढाईखोर बेडूक पाहिला, आणि ते सगळे एकाच बाईच्या चेहऱ्यात पाहिले. एकदा त्यांच्या सिनेमाला मोठे बक्षीस मिळाले. तेव्हा कंपनीच्या थोरल्या मालकांनी सगळ्यांसमोर मला उचलून म्हटले, “अर्धं बक्षीस याचं!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटले, अर्धे माझे असेल तर माझी धूळ रोज का पुसत नाहीत?

मग काळ बदलला. थोरले मालक गेले, धाकटे मालक खुर्चीवर बसले. टेबलाखालचा दिवा विझला आणि कागदांची जागा संगणकाने घेतली. बाई कुरकुरल्या, पण शिकल्या. कागदांचे गठ्ठे दोरीने बांधून भिंतीजवळच्या लोखंडी कपाटात गेले. माझ्या अंगावर सटीसामाशी फडके फिरायचे. एकदा तर माझ्यासमोर पेनांचा डबा ठेवला आणि चार महिने मी फक्त पेनेच पाहिली.

बाईंची भाची नोकरीला आली, ती या दिवसांत. तिचे टेबल बाईंच्या खुर्चीच्या मागेच होते, त्यामुळे तिचा पडदा मला थेट दिसायचा. ती गेम इंजिनवर काम करायची. मुले ज्यात गाड्या पळवतात आणि किल्ले पाडतात ना, ते खेळ बनवायचे ते साधन. त्यातच आता सिनेमे होऊ लागले होते. तिने एक नदी बनवली. हाताचे एक बोट सरकवले की नदीवर ऊन पडायचे, दुसरे सरकवले की धुके. नावेत बसून बघा, नाहीतर पुलावर उभे राहून बघा, नदी आपली तयारच. खोटे कशाला बोलू, मी बघतच राहिलो. पण इतके सगळे इतक्या लवकर होते म्हटल्यावर माझा जीव शांत कसा राहावा?

एके दिवशी धाकटे मालक आले आणि कपाटावर हात ठेवून म्हणाले, “ताई, कागद पिवळे पडायला लागलेत. सगळे स्कॅन करून ठेवू या. तुमची कला जपली पाहिजे.”

चष्म्याच्या दुकानातला तोच सूर. मी सावध झालो. बाई मात्र हरखल्या. तीन आठवडे भाची एकेक गठ्ठा सोडत होती, एकेक कागद यंत्राखाली ठेवत होती आणि पुन्हा तशीच गाठ मारत होती. मधेच गालात हसायची. माझा संशय तिच्यावर बसला. घरचेच माणूस, त्याला कोण विचारणार? त्यातच एक दिवस तिने माझ्यावर चक्क टॉवेल टाकला. चेहरे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात माझी तिरीप येते म्हणे! मी टॉवेलाखाली रात्रंदिवस धुमसत होतो.

टॉवेल निघाला तेव्हा कचेरीत नवा पाहुणा आलेला होता. त्याला स्वतंत्र थंडगार खोली, स्वतंत्र वायर, खोलीत कुणी चहा न्यायचा नाही, दार जोरात लावायचे नाही. ते एआयचे साधन होते. त्याचा एवढा मानपान बघून सगळे त्याला जावईबापू म्हणू लागले. नदीच्या सिनेमात एक म्हातारी नावाडीण होती. ती कुठे हसते, कुठे चिडते एवढे जावईबापूंना सांगायचे, की चेहरा तयार.

बाईंनी मालकांना विचारले, “हे सगळं याला शिकवलं कुणी?”

“बाहेरून शिकूनच आलंय, ताई. जगभरातलं काय काय बघितलंय त्यानं. आपल्याला फक्त सांगायचं.” आणि मग आवाजात मध घालून ते म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर खूप केलंत. आता आराम करा. हा सिनेमा झाला की तुमचा छान निरोप समारंभ करू.”

बाई येऊन खुर्चीवर बसल्या. “घरी बसून मी करू काय?” त्या भाचीला म्हणाल्या. “मला एवढंच तर येतं.” भाचीने मिठाची गुळणी धरली. मी मनात म्हटले, बघा, केसाने गळा कापला मावशीचा, आता तोंड कशी उघडेल?

पण मित्रांनो, याच वेळी एक विचित्र गोष्ट घडू लागली. नावाडीण हसली की तिच्या डाव्या गालावर खळी पडायची. तिच्या मूळ आराखड्यात खळी नव्हती. कुणी मागितली नव्हती. मालक वैतागले. “ही खळी कुठून आली? पुसून टाका.” भाचीने पुसली. पुढच्या हसण्याला खळी परत हजर. भाची पुसून पुसून थकली. शेवटी तिने एकतीस हसणी एकाखाली एक मांडली आणि कपाळाला हात लावून बसली.

“मावशी, बघ ना जरा. एकतीस वेळा हसलीय आणि एकतीस वेळा तीच खळी.”

बाईंनी खुर्ची वळवली. पडद्याकडे कितीतरी वेळ बघितले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. परत पडद्याकडे, परत माझ्याकडे.

“माझी खळी कुठल्या गालावर आहे गं?”

“उजव्या.”

“कपाटातला कुठलाही गठ्ठा काढ. कुठलंही हसू काढ.”

भाचीने गाढव काढले. डाव्या गालावर खळी. राजा काढला. डाव्या गालावर खळी. बेडकालासुद्धा डाव्या गालावर खळी होती! भाचीचे तोंड उघडेच राहिले.

आता यातली मेख मी सांगतो, कारण ती माझीच आहे. बाई माझ्यात बघून काढायच्या. त्यांचा उजवा गाल माझ्यात उजव्या हाताला दिसतो, तसाच त्या कागदाच्या उजव्या हाताला काढत. पण कागदावरचा प्राणी आपल्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे तो त्याचा डावा गाल होतो. बाईंनी मुद्दाम खळी कधीच काढली नव्हती. हसू उतरवताना तीही आपसूक उतरायची. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आले नाही, त्यांच्याही नाही. जावईबापूंनी बाहेर जग पाहिले असेल नसेल, हसायला मात्र ते आमच्या कपाटातल्या स्कॅन केलेल्या कागदांवर शिकले होते.

“मालक मला म्हणाले, कागद जपून ठेवायला हवेत,” भाची पुटपुटली. “मावशी, शप्पथ सांगते, मला खरंच तेवढंच माहीत होतं.” आणि ती रडू लागली. हमसून हमसून. तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी संशय घेतला होता बरोबर, पण धरला होता चुकीच्या माणसावर.

बाईंनी एका काखेत गाढवाचा गठ्ठा घेतला, दुसऱ्या काखेत मला घेतले आणि सरळ मालकांच्या खोलीत गेल्या. भाची मागे होती. मला टेबलावर उभे करून बाई माझ्यात बघून हसल्या, मग मालकांकडे बघून हसल्या, मग गाढवाचा कागद पुढे सरकवला. मालक हुशार होते. त्यांना फार समजवावे लागले नाही.

“अहो ताई,” ते खुर्चीत सावरून बसत म्हणाले, “शेवटी हे कागद कंपनीचेच आहेत.”

“कागद तुमचे आहेत,” बाई म्हणाल्या. “गाल माझा आहे.”

मालकांनी भाचीकडे बघितले. “तू ती खळी पूस. मग हा प्रश्नच राहत नाही.”

“मी नाही पुसणार,” भाची म्हणाली. “दुसऱ्या कुणाला सांगा. त्यालाही मी हे गाढव दाखवीन.”

मालकांनी “बघू” म्हटले. आठ दिवस ते बघतच होते. ते आठ दिवस बाईंना जेवण गोड लागले नाही आणि दार वाजले की मला वाटायचे, आली निरोपाची फुले. नवव्या दिवशी मालक स्वतः टेबलाशी आले. निरोप समारंभ रद्द झाला होता. ‘नावाडणीचे हावभाव’ या कामापुढे पडद्यावर बाईंचे नाव येणार होते, खळी राहणार होती आणि कपाटाची किल्ली बाईंकडे राहणार होती. “माझं चुकलं, ताई,” एवढे ते म्हणाले. मी त्यांचे डोळे पाहिले. खरेच वाटले. तरी मी थोडा संशय शिल्लक ठेवला आहे.

मालक गेल्यावर बाईंनी किल्ली पदराला बांधली आणि भाचीला विचारले, “मग आता ते माझं हसू त्याच्यातून काढून घेशील ना?”

भाची खाली बघत राहिली. “नाही येत काढता, मावशी. आता ते एका जागी राहिलेलंच नाहीये. सगळीकडे मिसळलंय.”

“म्हणजे परत नाही?”

“नाही.”

बाई माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी कुठलीच वाकुली केली नाही. नुसत्या बघत राहिल्या, डोळे भरून येईपर्यंत. मला दुसरे काही येत नाही. मी त्यांचा चेहरा होता तसा, तिथल्या तिथे, त्यांना परत दिला.

मित्रांनो, मला रोज पुसा असा माझा हट्ट नाही. तडा गेला तर अडगळीत टाका, चालेल. पण एवढे ऐका. आपला आवाज, आपले हसू, आपल्या हाताचे वळण कुणी मागितले, तर लगेच खूश होऊन देऊ नका. आणि दुसऱ्याचे घ्यायचे असेल, तर कशासाठी हवे ते खरे सांगून मग घ्या. इतकी वर्षे मी एका बाईचे हजारो चेहरे घेतले. त्यातला एकही आज माझ्याजवळ नाही.